भारतीय चलनी नोटांवरील मुद्रणदोष

भारतीय चलनी नोटांवरील मुद्रणदोष म्हणजे नोट छापताना, तिच्यावर क्रमांक उमटवताना किंवा ताव कापताना घडलेली आणि तपासणीत नजरेतून निसटून चलनात आलेली चूक. अशा नोटेस संग्राहक ‘एरर नोट’ किंवा ‘मिसप्रिंट’ म्हणतात. वापरात फाटलेली, उन्हाने विटलेली वा कपड्यांबरोबर धुतली गेलेली नोट या वर्गात मोडत नाही.

छपाई आणि दोषाचे मूळ

भारतातील नोटा नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथे छापल्या जातात. पैकी नाशिक येथे हे काम १९२८ साली सुरू झाले. नोट एका दमात छापून होत नाही. मोठ्या तावावर आधी ऑफसेट पद्धतीने पार्श्वभूमीचे फिके रंग व नक्षी येते. त्यानंतर इंटाग्लिओ पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून भारी दाबाने, महात्मा गांधींच्या चित्रासारखे बोटांना जाणवणारे उठावदार भाग छापले जातात. अखेरीस क्रमांक पडतात आणि तावाच्या नोटा कापल्या जातात. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर घडला हे सांगता येणे, हीच तो खरा असल्याची मुख्य कसोटी होय.

जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना बँकेतून गांधींचे चित्रच नसलेल्या दोन हजार रुपयांच्या नोटा मिळाल्या. त्यांना त्या बनावट वाटल्या. प्रत्यक्षात त्या खऱ्या, परंतु सदोष होत्या. चित्र स्वतंत्र टप्प्यावर उमटत असल्याने असा दोष संभवतो.

ओळख

ताव यंत्रात जाताना दुमडला, तर घडी उलगडल्यावर मध्येच कोरी पट्टी दिसते. कोपरा दुमडलेल्या अवस्थेतच ताव कापला गेल्यास नोटेला जादा कागदाचा त्रिकोणी कान राहतो. त्याला संग्राहक ‘बटरफ्लाय’ म्हणतात. ओल्या शाईचा स्पर्श दुसऱ्या तावास झाल्यास आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा उमटते. क्रमांकयंत्राचे एखादे चाक अडकल्यास नोटेवरील दोन क्रमांकांत एका अंकाचा फरक पडतो. हा दोष पाहणाऱ्यास सहसा दिसत नाही, कारण दोन्ही क्रमांक पडताळून पाहण्याची सवय कोणालाच नसते.

क्रमांकात तारा (*) असलेली नोट मात्र सदोष नव्हे. छपाईत बाद झालेल्या नोटांच्या जागी अशा नोटा घालण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये सुरू केली. ७८६ सारखे ‘फॅन्सी’ क्रमांकही दोषात गणले जात नाहीत.

कृत्रिम दोषही केले जातात. रसायनाने छपाई पुसलेल्या जागी कागदाचे तंतू विस्कटलेले भिंगातून दिसतात, आणि शाई गेली तरी उठावाच्या दाबाची खूण कागदावर राहू शकते. मुळात छापलाच न गेलेला भाग सपाट असतो.

मूल्य

सदोष असली तरी खरी नोट दर्शनी किमतीस वैध असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशेच्या नव्या नोटांत फरक आढळला, तेव्हा अशा नोटा व्यवहारात स्वीकाराव्यात किंवा रिझर्व्ह बँकेस परत कराव्यात, असे बँकेने स्पष्ट केले होते. त्यापलीकडची किंमत केवळ संग्राहकांच्या बाजारात ठरते. दोष किती ठळक, किती विरळ आणि नोट किती कोरी, यांवर ती अवलंबून असते. किंचित सरकलेली किनार वा रंगछटेतील फरक यांना फारशी मागणी नसते. ठळक घडी वा गायब चित्र यांना असते. श्रेणी ठरवणाऱ्या संस्था १ ते ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. नोट स्वच्छ करणे, इस्त्री करणे किंवा घडी सपाट करणे यांमुळे मूल्य घटते. घडीच्या दोषात तर पुरावाच नष्ट होतो.

विक्रेत्याने मागितलेली किंमत हे मूल्य नव्हे. प्रत्यक्ष लिलावात मिळालेली किंमत पाहावी लागते. जुन्या नोटा व नाणी भरघोस किमतीस घेण्याचे आमिष दाखवून आधी शुल्क, कमिशन वा कर उकळण्याचे प्रकार वाढल्याने रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले. आपण अशा व्यवहारात नसतो, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि ते घेण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाही, असे बँकेने त्या वेळी जाहीर केले.