एक तूट, चार दवाखाने

नांदुऱ्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आनुवंशिकतेवर बोलून खाली उतरलो, तेव्हा एका बाईंनी मला गाठले. "सर, माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. लहानपणी मुंबईला त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. बोलतो नाकातून. गणित जमत नाही, आणि वर्षभरापासून कशालाही घाबरतो. आई म्हणते, आजारी म्हणून लाडावून ठेवला, त्याचेच हे फळ. खरे का हो?"

मुलाला न तपासता निदान सांगणे चुकीचेच. पण या चार तक्रारी एकत्र ऐकल्यावर मला एका विकाराचा इतिहास आठवला.

१९५५ साली प्राग येथील वाचातज्ज्ञ एव्हा सेडलाच्कोव्हा यांनी आखूड टाळू असलेल्या, नाकातून बोलणाऱ्या मुलांचे वर्णन केले. लेख चेक भाषेत, त्यामुळे बाहेर तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे १९६५ मध्ये फिलाडेल्फियाच्या अँजेलो डिजॉर्ज यांना काही बालकांत थायमस आणि पॅराथायरॉइड या ग्रंथीच आढळल्या नाहीत. जपानी डॉक्टरांना हृदयदोषाबरोबर चेहऱ्याची एक विशिष्ट ठेवण दिसली. १९७८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट श्प्रिंटझेन यांनी टाळू, हृदय, चेहरा आणि शिकण्यातील अडचणी यांची सांगड घातली. ज्याच्या दवाखान्यात मूल जाई, त्याच्या विषयाचे नाव रोगाला मिळे! नव्वदच्या दशकात उलगडा झाला. यांतील बहुतेक मुलांच्या २२व्या गुणसूत्राचा एकच लहानसा तुकडा गळालेला होता. त्यात सुमारे चाळीस जनुके असतात. बहुधा ही तूट आईवडिलांत नसते, बीजपेशी तयार होताना नव्यानेच घडते. मात्र ज्याच्यात ती आहे, त्याच्या प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी.

मनाकडे लक्ष गेले ते सर्वांत शेवटी, आणि त्याचे कारण साधे आहे. श्प्रिंटझेन यांची मुले तोवर मोठी होत होती. १९९२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी कळवले की, त्यांतील काहींना तरुणपणी भास आणि भ्रम होऊ लागले आहेत. १९९९ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ही तूट असलेल्या ५० प्रौढांना तपासले, तर १२ जणांना छिन्नमनस्कता होती. एरवी हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते.

मग अनेक देशांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,४०२ व्यक्ती होत्या, आणि लक्षणांचे गट वयाप्रमाणे बदलताना दिसले. बालपणी अवधानाचा अभाव, ३७ टक्क्यांत. यातली बरीच मुले वर्गात दंगा करत नाहीत, नुसती हरवलेली असतात, म्हणून नजरेतून सुटतात. बालपणी व किशोरवयात चिंता आणि भीती यांचे प्रमाण मोठे. पंचविशीनंतर छिन्नमनस्कता व तिच्या जातीचे विकार ४१ टक्क्यांत. म्हणजे निम्म्याहून अधिक जण त्यातून सुटतात, हेही पालकांना सांगायला हवे. ज्यांना हा विकार होतो, त्यांचे बोलणे आटणे, एकटे राहणे, उत्साह मावळणे हे अनेकदा भासांच्या पुष्कळ आधी सुरू होते. त्या वयात आपण त्याला आळस म्हणतो. २०१५ मधील एका अभ्यासात तर भाषिक बुद्ध्यंकाची घसरणही आधी सुरू झालेली आढळली.

आणखी एक गोष्ट. पॅराथायरॉइड दुबळी असली की रक्तातील कॅल्शियम उतरते. त्याने झटके येतात, अस्वस्थताही वाढते. साध्या रक्ततपासणीत हे कळते आणि औषधाने सुधारते.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते. त्याच्या यादीत हृदयदोष आहे, दुभंगलेली टाळू आहे, अवधानाचा विकारही आहे, पण प्रत्येक वेगळ्या ओळीत. यादी उपयोगाचीच आहे. फक्त दोन ओळींमध्ये रेघ ओढणारा कोणी तरी लागतो.

बाईंना मी सुचवले की, चारही गोष्टी एकाच कागदावर लिहून तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना द्या, कॅल्शियमचे विचारा, आणि गुणसूत्रांची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते हे घरच्यांना कळवा.

"आणि आईला काय सांगू?"

"लाडाने टाळू आखूड होत नाही, हे आजच सांगा."

त्यांनी पर्समधून टाचणवही काढली आणि तिथेच उभ्याने लिहायला सुरुवात केली.