पत्रकारितेचे कॉलेज निवडताना

बारावीनंतर पत्रकारिता शिकू पाहणारी आपली मुले मला कॉलेजचे नाव विचारतात. त्यांच्या अब्बांचा प्रश्न वेगळा असतो : नोकरी लागेल का? मी दोघांनाही आधी अलिगढची गोष्ट सांगतो.

सर सय्यद यांचे ‘अलिगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’ १८६६ साली निघाले. शाळा १८७५ची, कॉलेज त्यानंतरचे. म्हणजे वर्तमानपत्र आधी, वर्ग नंतर! त्या कॉलेजात पत्रकारिता हा विषयच नव्हता. तरीही ‘कॉम्रेड’चे मौलाना मोहम्मद अली, ‘जमीनदार’चे जफर अली खान आणि हसरत मोहानी तिथूनच बाहेर पडले. हसरत १९०३ साली बी.ए. झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ काढले. १९०८ साली इंग्रजांच्या इजिप्तमधील धोरणावर त्यात निनावी लेख आला. हसरत यांनी लेखकाचे नाव सांगितले नाही, स्वतः तुरुंगात गेले. ज्यांना ते गुरू मानत, त्या टिळकांनाही त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखांसाठी शिक्षा झाली. लेखकाचे नाव न सांगण्याचा हा धडा कोणत्या अभ्यासक्रमात मिळाला असता?

पुढे १९३८ साली कुलगुरू सर शाह सुलेमान यांच्या पुढाकाराने अलिगढमध्ये पत्रकारितेचा अभ्यासक्रम खरोखरच सुरू झाला. तो थोड्याच वर्षांत बंद पडला. एका माणसाच्या उत्साहावर उभा असलेला विभाग असाच जातो. म्हणून माहितीपुस्तकातले फोटो बघू नका. कायमचे शिक्षक किती आणि त्यांतले किती वर्तमानपत्रात राबलेले, हे विचारा.

कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेची शाळा १९१२ साली उघडली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर तिथे पोचले, पण शिकले मुख्यतः अर्थशास्त्र. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला. म्हणून पदवी इतिहास, अर्थशास्त्र किंवा कायद्याची घ्यावी आणि पत्रकारिता नंतर शिकावी, असे माझे मत आहे. त्यासाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग आहे, दिल्लीत जामियाचे १९८२ साली स्थापन झालेले केंद्र आहे.

आणि एक. विद्यार्थ्यांचे प्रायोगिक वृत्तपत्र निघते का, ते पाहा. निघत असेल तर मागचे अंक मागून घ्या. बातम्या प्राचार्यांच्या सत्काराच्याच असतील, तर फी भरण्याआधी परत फिरा. घरी उर्दू-दखनी बोलणाऱ्या मुलांनी मराठीचा धाक धरू नये. मोहल्ल्याची बातमी मराठीत लिहिणारे हात वृत्तपत्रांत फार थोडे आहेत.