दिनविशेष : १५ ऑगस्ट – खानदेशी तरुणाईला मिळाला मंच

१९९० : जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना. डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू झाले. तोवर जळगाव-धुळ्याची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. २०१८ मध्ये विद्यापीठाला असोद्याच्या लेकीचे, कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

या स्थापनेने खानदेशातील विद्यार्थी कलावंतांना हक्काचे व्यासपीठही दिले. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये उतरतात आणि यजमानपद वेगवेगळ्या महाविद्यालयांकडे जाते. शास्त्रीय गायन, समूहगीत, लोकवाद्यवृंद, लोकनृत्य, मूकाभिनय अशा अनेक कलांत विद्यार्थ्यांचा कस लागतो. इथून निवडलेले कलावंत ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवात खानदेशाचे प्रतिनिधित्व करतात.

लोकदेवता कानबाईची गाणी, अहिराणी लोकगीते आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजाची नृत्ये हे या मातीचे धन आहे. ते पुढच्या पिढीने अभिमानाने मंचावर आणले, तरच टिकेल. म्हणूनच या लोककलांचे प्रयोग प्रत्येक महाविद्यालयाने वर्षभर भरवावेत आणि गावकऱ्यांना विनामूल्य खुले ठेवावेत. कलेला जाणता श्रोता घडवणे, हेही विद्यादानच आहे.