कोलेस्ट्रॉलची गोळी : गाव बदललं की खर्च का बदलतो?

पेण-रोहा, वार्ताहर : साठी ओलांडलेल्या अनेकांच्या औषधांच्या पिशवीत कोलेस्ट्रॉलची एक गोळी असते. नाव अ‍ॅटोरवास्टॅटिन, नाहीतर रोझुवास्टॅटिन. या गोळ्यांना मिळून स्टॅटिन म्हणतात. यकृतात तयार होणारं कोलेस्ट्रॉल त्या कमी करतात, त्यामुळं हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका घटतो. पण ही गोळी कोणाला मिळते आणि तिच्यावर किती पैसे जातात, हे जागेनुसार बदलतं.

फरक किती मोठा?

आयसीएमआरची देशभरातली पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 100 पैकी 24 प्रौढांचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं आढळलं. केरळात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, तर झारखंडात 5 टक्क्यांच्या आत. खेड्यांपेक्षा शहरांत जास्त.

गोळी मिळण्यातला फरक त्याहून मोठा. 2011 साली 17 देशांचा एक अभ्यास आला. हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत 100 मधले 66 जण स्टॅटिन घेत होते. भारत ज्या गटात होता, त्या गरीब देशांत फक्त 3. त्यातही खेडी मागे. अमेरिकेत ज्येष्ठांना सरकारी विमा आहे, तरी तिथंही अटॅक येऊन गेलेल्यांत एका भागात 91 टक्के, तर दुसऱ्या भागात 44 टक्के लोकच ही गोळी घेत असल्याचं 2013 च्या अहवालात दिसलं. म्हणजे डॉक्टरांची लिहिण्याची पद्धतही भागाभागात वेगळी असते.

आपल्याकडं काय होतं?

अटॅकनंतर पेशंट पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईला जातो. तिथून फाईल घेऊन घरी येतो. फाईलवर कंपनीचं नाव असतं. तोच ब्रँड गावच्या मेडिकलमध्ये नसला की कोणीतरी पेण नाहीतर रोह्याला खेप मारायची. लावणीच्या दिवसांत ती खेप राहते आणि गोळीही बंद पडते.

आता हिशेब बघा. गोळी 3 रुपयांना पडली तर महिन्याला 90 रुपये. तेच औषध दुसऱ्या ब्रँडचं 15 रुपयांना पडलं तर महिन्याला 450. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये मिळणाऱ्या आजीचा जवळपास तिसरा हिस्सा एका गोळीवर गेला. बीपी, शुगरच्या गोळ्या वेगळ्याच.

स्वस्त कुठं मिळेल?

1) सरकारी दवाखाना : 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालयात फाईल दाखवून गोळी शिल्लक आहे का, ते विचारा.

2) जनऔषधी केंद्र : ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण 50 ते 80 टक्के कमी दर. जवळचं केंद्र मोबाईलवर ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपमध्ये सापडतं.

3) कमाल किंमत : अ‍ॅटोरवास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळं यादीतल्या गोळ्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर ती बघता येते.

4) जेनेरिक नाव : डॉक्टरांनी जेनेरिक नावानंच लिहावं, असा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. म्हणून आपणच विनंती करायची, “साहेब, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्या.”

एक गैरसमज

70 वर्षांवरील ज्येष्ठांच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार होतात, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. दर महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत.

हे लक्षात ठेवा

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका. बहुतेकदा तो गोळीमुळंच नॉर्मल असतो. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, मिलिग्रॅम वेगळं असतं. अंग, पोटऱ्या जास्त दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. पैशांची अडचण असेल तर तीही सांगा. लाजून गोळी बंद करण्यापेक्षा स्वस्त गोळी लिहून घेतलेली बरी. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये जाताना जुनी रिकामी पट्टी सोबत न्या आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव घरच्या मुलांकडून वाचून घ्या.