महसूल, वाट आणि सार्वभौमत्व : नगरहवेलीच्या विलीनीकरणाचा घटनात्मक इतिहास

एखाद्या मुलखाचा सारा कोण वसूल करतो, तेथल्या ठाण्यावर शिपाई कोणाचा उभा असतो आणि त्या मुलखाचा खरा धनी कोण, हे तीनही प्रश्न एकच आहेत, अशी सामान्य माणसाची समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते तीन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कधी एक असतात, कधी तीन असतात, आणि जेथे ती तीन असतात तेथे राजेरजवाड्यांचे, वकिलांचे व न्यायाधीशांचे वाद उभे राहतात. असा एक वाद दमणगंगेच्या काठच्या सिल्वासा या लहानशा गावाच्या नावाने जगाच्या न्यायासनापुढे गेला होता. भारताची राज्यघटना एखाद्या भूमीला आपल्यात कशी सामावून घेते, याचे उत्तम उदाहरणही त्याच गावाच्या इतिहासात सापडते.

दादरा आणि नगरहवेली हा सुमारे ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख. गावे अवघी ७२. वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींची येथे मोठी वस्ती. दमणचे बंदर समुद्रकाठी, नगरहवेली आत डोंगराकडे, आणि या दोहोंच्या मध्ये भारताची भूमी. दादरा तर नगरहवेलीपासूनही तुटलेले. त्या दोहोंमध्येही पुन्हा भारतीय भूमीचा पट्टा. म्हणजे दमणच्या पोर्तुगीज गव्हर्नरला सिल्वासाला यावयाचे तर परक्याच्या अंगणातूनच यावे लागे. या भूगोलातच पुढच्या सगळ्या खटल्याचे मूळ आहे.

पोर्तुगीज येथे आले ते तलवारीने नव्हे, मराठ्यांच्या सनदेने आले. १७७९ मध्ये पुण्याचा पेशवा दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्या तहान्वये, आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदांन्वये, नगरहवेली परगण्यातील गावांच्या उत्पन्नातून सालीना १२,००० रुपयांची नेमणूक पोर्तुगीजांना मिळाली. मराठी राज्यकारभारात अशा देणगीला जहागीर किंवा सरंजाम म्हणत. सरंजामदार गावचा वसूल घेई, गावात बंडावा झाला तर तो मोडी. पण म्हणून तो त्या गावाचा राजा होत नसे. गाव दौलतीचाच राही. सरंजाम देणे आणि राज्य देणे यांतील हा भेद पेशवाईतल्या कोणाही कारकुनाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. पावणेदोनशे वर्षांनी तोच भेद हेग येथे जगातल्या नामांकित कायदेपंडितांना दिवसेंदिवस उलगडून दाखवावा लागला.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मध्यल्या भूमीवर इंग्रजांचा अंमल बसला. सनद देणारा धनी नाहीसा झाला; सनद घेणारा मात्र जागेवर राहिला. इंग्रजांनी नगरहवेलीवर हक्क सांगितला नाही, पोर्तुगीजांच्या तेथील अधिकाराला हरकतही घेतली नाही. अशा रीतीने, कोणीही राज्य दिले नसताना, केवळ शेजाऱ्याच्या मौनातून सरंजामाचे राज्य झाले. १८८५ मध्ये पोर्तुगीजांनी आपले मुख्य ठाणे सिल्वासास आणले. पुढे १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत फेरफार करून साऱ्या वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले. कागदावर सिल्वासा हे लिस्बनइतकेच पोर्तुगाल झाले. तेथे राहणाऱ्या वारल्याला याविषयी कोणी काही विचारले नव्हते.

हा कागद तीनच वर्षे टिकला. २१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या फ्रान्सिस मस्कारेन्हस, वामन देसाई प्रभृतींनी दादऱ्याचे ठाणे घेतले. त्या झटापटीत ठाण्याचा अधिकारी आनिसेतो रोझारियो मारला गेला. २८ जुलैला नारोली मुक्त झाली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले आणि तेथे तिरंगा चढला. विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, गायक सुधीर फडके, पुढे शिवचरित्रकार म्हणून घरोघरी पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरे ही नावे त्या मोहिमेत आहेत. सिल्वासा सोडून निघालेला पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो याने ११ ऑगस्टला भारतीय हद्दीत शरणागती पत्करली.

येथपर्यंतची कथा महाराष्ट्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. तिचा खरा घटनात्मक भाग येथून सुरू होतो. ३ ऑगस्ट १९५४ च्या सकाळी सिल्वासा कोणाचे होते? पोर्तुगालचे राहिले नव्हते, कारण तेथे त्याचा अंमल उरला नव्हता. भारताचे झाले नव्हते, कारण भारताच्या राज्यघटनेत त्याचे नाव नव्हते. तिरंगा चढला म्हणजे घटना लागू झाली असे होत नाही. ध्वज भावना सांगतो. अधिकार सांगण्याचे काम कायद्याच्या मजकुराचे आहे.

मुक्त प्रदेशाने मग आपला कारभार आपणच उभा केला. अप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. गावोगावच्या लोकांचे प्रतिनिधित्व करणारी वरिष्ठ पंचायत स्थापन झाली. जुन्या पोर्तुगीज टपाल तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' असा ठसा मारून ती वापरली गेली. विलीन करून घेण्याची विनंती पंचायतीने भारत सरकारला पुनःपुन्हा केली, आणि ती मान्य होण्यास सात वर्षे लागली.

या मधल्या काळात वाद हेगला गेला होता. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला; त्याच महिन्याच्या १९ तारखेस त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाची अधिकारिता मान्य केली आणि २२ तारखेस भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. इतकी घाई क्वचितच दिसते. पोर्तुगालचे म्हणणे असे की, नगरहवेलीवर त्याचे सार्वभौमत्व असल्यामुळे दमणहून तेथे जाण्याची वाट हा त्याचा हक्क आहे, आणि ती वाट अडवून भारताने तो मोडला. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. या खटल्यापुरते भारतातर्फे न्यायाधीश म्हणून महंमद करीम छगला बसले. १९५७ मध्ये प्राथमिक आक्षेपांचा निकाल लागला आणि १२ एप्रिल १९६० रोजी अंतिम निकाल जाहीर झाला.

तो निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही पक्षांना काही मिळाले आणि काही नाकारले गेले. तह आणि सनदा यांच्या शब्दांचा विचार करून न्यायालय म्हणाले की, मराठ्यांनी दिला तो केवळ महसूल, सार्वभौमत्व नव्हे. येथे पुण्याच्या दफ्तराचा जय झाला. परंतु न्यायालय पुढे म्हणाले की, इंग्रजांच्या काळात पोर्तुगालचे सार्वभौमत्व वस्तुतः मानले गेले आणि त्यानंतर भारतानेही ते मूकपणे चालू दिले. म्हणून १९५४ मध्ये खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरती वाटेची परंपरा पोर्तुगालच्या हक्कात परिणत झालेली होती. मात्र या वाटेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार भारताचाच होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना असा हक्क कधीच नव्हता. त्यांना प्रत्येक वेळी परवानगी लागत असे. हा मुद्दा ८ विरुद्ध ७ इतक्या निसटत्या बहुमताने ठरला. दादऱ्यातील उठावानंतर सीमेवर जो तणाव निर्माण झाला, तो पाहता भारताने वाट बंद केली ती नियंत्रणाच्या अधिकारातच केली, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरून भारताकडून कर्तव्यभंग झालेला नाही असा निर्णय मिळाला.

या निकालाचा अर्थ असा की, ज्या वाटेने बंदूक नेण्याचा हक्क नाही, त्या वाटेच्या टोकाला असलेले गेलेले राज्य परत जिंकण्याचाही मार्ग उरत नाही. न्यायालयाने सिल्वासा भारताला दिले नाही, तसे त्याच्यापुढे मागणेही नव्हते. ते घ्यावयाचे की नाही आणि कसे, हे ठरविणे भारताच्या स्वतःच्या घटनेवर राहिले.

योगायोग असा की, त्याच सुमारास भारताचे सर्वोच्च न्यायालयही भूमी आणि घटना यांच्या नात्याचा विचार करीत होते. बेरुबारी हा बंगालमधील टापू पाकिस्तानला देण्याविषयी राष्ट्रपतींनी सल्ला मागितला होता. हेगच्या निकालाच्या आधी महिनाभर, १४ मार्च १९६० रोजी, न्यायालयाने आपले मत दिले. नवी भूमी मिळविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला स्वभावतःच असतो. अशी मिळविलेली भूमी घटनेच्या पहिल्या कलमान्वये भारताच्या राज्यक्षेत्रात येते. परंतु असलेली भूमी दुसऱ्याला देणे हे केवळ करारावर सही करून होत नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. मिळविणे सोपे, देणे कठीण, अशी ही व्यवस्था आहे, आणि लोकशाहीत ती तशीच असावयास हवी. कारण भूमीबरोबर माणसे जातात, आणि नागरिकाचे नागरिकत्व पंतप्रधानांच्या एका सहीवर अवलंबून असू नये.

मिळविणे सोपे असले तरी सिल्वासाच्या बाबतीत तेही विधिपूर्वक झाले. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा औपचारिक ठराव केला. पण करार करावयाचा तर दोन पक्ष हवेत, आणि भारताच्या पंतप्रधानांसमोर सही करणारा तेवढ्याच अधिकाराचा माणूस हवा. म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते दादरा-नगरहवेलीचे पंतप्रधान करण्यात आले, आणि त्यांनी जवाहरलाल नेहरूंबरोबर करारावर सही केली. या प्रसंगाला पुष्कळजण हसतात. परंतु त्यात एक गंभीर तत्त्व आहे : लोकांची इच्छा कितीही स्पष्ट असली तरी ती व्यक्त करणारी अधिकृत लेखणी असावी लागते. पोर्तुगालने १९५१ मध्ये या लोकांना न विचारता आपल्या घटनेत घातले होते. भारताने त्यांच्या ठरावावाचून त्यांना आपल्या घटनेत घेतले नाही.

त्यानंतर संसदेने दहावी घटनादुरुस्ती संमत केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगरहवेली हे नाव घटनेच्या पहिल्या अनुसूचीत केंद्रशासित प्रदेशांत दाखल झाले. लोकसभेत एक जागा मिळाली, मुंबई उच्च न्यायालयाची अधिकारिता सिल्वासापर्यंत पोहोचली, १९६२ च्या आदेशाने तेथील लोकांचे नागरिकत्व निश्चित झाले. आता येथल्या वारल्याला अन्याय झाला तर कलम ३२ च्या आधाराने थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार होते. लिस्बनच्या घटनेने त्याला असे दार दाखविले नव्हते.

तथापि या व्यवहारात एक उणीवही होती, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. सात वर्षे आपला कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ पंचायतीकडे आता केवळ चर्चा करण्याचे आणि शिफारशी करण्याचे काम उरले. विधानसभा मिळाली नाही. कलम २४० अन्वये या प्रदेशाची शांतता, प्रगती आणि सुशासन यांसाठी विनियम करण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारतः केंद्र सरकारकडे गेला. लोकांच्या इच्छेने जे राज्य घटनेत आले, त्याचे कायदे लोकांनी निवडलेल्या सभेत होत नाहीत, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

पण याच कलम २४० ची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवा धनी आला म्हणून जुने कायदे एका रात्रीत मरत नाहीत. बदलले जाईपर्यंत ते चालू राहतात. त्यामुळे शेती करण्याच्या अटीवर पोर्तुगीजांनी दिलेल्या 'अल्वरा' नावाच्या जमिनींच्या देणग्या विलीनीकरणानंतरही उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींनी १९७१ मध्ये केलेला जमीन सुधारणा विनियम १९७४ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी, अटी पाळल्या नाहीत म्हणून, अनेक अल्वरा रद्द करण्यात आल्या. त्यावरचा वाद सुमारे पन्नास वर्षे न्यायालयांत चालला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याचा निर्णय कायम केला. पोर्तुगीज गेले १९५४ मध्ये. त्यांच्या कागदाचा शेवटचा हिशेब व्हावयास आणखी सात दशके लागली.

खुद्द पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने, तेथील हुकूमशाही कोसळल्यानंतर. आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा आणि नगरहवेली व दमण आणि दीव यांचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या दमणहून येण्याच्या वाटेसाठी पोर्तुगाल हेगला गेले, त्याच दमणला आता या प्रदेशाची राजधानी आहे. ज्या नावासाठी १९६१ मध्ये घटनादुरुस्ती झाली, ते स्वतंत्र नाव या वेळी संसदेच्या साध्या कायद्याने बदलले. कारण घटनेच्या तिसऱ्या व चौथ्या कलमांनी अंतर्गत सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला साध्या बहुमताने दिलेला आहे. देशाबाहेर भूमी देताना घटना जितकी कठोर, तितकीच देशाच्या आतल्या रेघा पुसताना ती लवचीक आहे.

बहात्तर गावांचा हा इतिहास आकाराने लहान आहे. परंतु सरंजाम म्हणजे राज्य नव्हे, मौनातूनही हक्क उपजतो, वाट मिळाली म्हणजे बंदूक नेण्याची परवानगी मिळाली असे नव्हे, आणि मुक्त झालेली भूमी संमतीने व कायद्यानेच प्रजासत्ताकाची होते, ही तत्त्वे त्याने जितकी स्पष्ट करून दाखविली तितकी मोठ्या साम्राज्यांच्या इतिहासानेही क्वचितच दाखविली असतील. सिल्वासा मुक्त करणारे तरुण एका रात्रीत आपले काम करून गेले. त्या रात्रीचे काम कायद्यात उतरविण्यास सात वर्षे लागली, आणि त्या सात वर्षांनीच ते कायमचे झाले.