खाटेवरचे दिवस



गेल्या वर्षीं माझ्या वडील बंधूंच्या मानेवर येथें नागपुरांत शस्त्रक्रिया झाली. मानेच्या दोन मणक्यांमधील चकती मागें सरकून मज्जारज्जूवर दाब देत होती. उजवा हात बधिर होत चालला होता. सदऱ्याचीं बटणेंहि त्यांना स्वतः लावतां येत नव्हतीं. आदल्या दिवशीं शल्यवैद्य सहज म्हणाले, "गुरुजी, परदेशांत हें ऑपरेशन सकाळीं करून रोग्याला संध्याकाळीं घरीं पाठवितात. आपल्याकडेहि आतां तसें होऊं लागलें आहे." माझ्या वहिनी जवळच उभ्या होत्या. डॉक्टर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, गळा कापायचा आणि दिवस मावळायच्या आंत घरीं धाडायचें? आणि घर म्हणजे कोणतें हो? आमचें घर तर आरमोरीला!"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मी कांहींतरी दिलें. दुसऱ्या प्रश्नाचें मला देतां आलें नाहीं. मी साधा शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढें माझें शिक्षण गेलें नाहीं, तेव्हां वैद्यकांतला अधिकार मी सांगूं शकत नाहीं. पण इतिहासाचा नाद जुना आहे. शस्त्रक्रियेनंतर माणसानें खाटेवर किती दिवस पडून राहावें हें कोणी ठरविलें, आणि कशावरून ठरविलें, याचा मागोवा घ्यावासा वाटला. जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रियेपासून आरंभ करूं. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत असतां १९२४ च्या जानेवारींत त्यांच्या पोटांत दुखूं लागलें. अपेंडिक्सचा विकार असल्याचें निदान होऊन त्यांना पुण्याच्या ससून इस्पितळांत हलविण्यांत आलें, आणि १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होतें. मध्येंच विजेचे दिवे गेले आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. ही हकीकत बहुतेकांनीं ऐकलेली असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. ५ फेब्रुवारीला, म्हणजे चोविसाव्या दिवशीं, सरकारनें त्यांची सुटका जाहीर केली तेव्हांहि ते ससूनमध्येंच होते; विश्रांतीसाठीं जुहूला गेले ते मार्चमध्यें. आज हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीनें झाली तर रोगी पुष्कळदां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं घरीं जातो. गांधींच्या वेळीं पेनिसिलिन नव्हतें, जखम चिघळली तर उपाय थोडे होते, हें खरेंच. तथापि त्या दीर्घ मुक्कामामागें नुसती जखमेची भीति नव्हती. त्या काळचा सर्वमान्य समजच असा होता कीं, शिवलेलें पोट खाटेवर निश्चल पडल्यानेंच सांधतें, आणि लवकर उठणारा माणूस टांके तोडून घेतो.

हा समज ढळायला अर्धें शतक लागलें. शिकागोच्या एमिल रीस या शल्यवैद्यानें १८९९ सालींच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना लवकर उठवून पाहिलें होतें. त्याचें कोणी ऐकलें नाहीं. १९४० च्या सुमारास डेट्रॉइटच्या लाइटहाउझर यानें तोच आग्रह पुन्हां धरला. मग महायुद्ध आलें, खाटा अपुऱ्या पडूं लागल्या, आणि जें युक्तिवादानें साधलें नव्हतें तें टंचाईनें साधलें. उठविलेल्या रोग्यांचे टांके तुटले नाहींत. उलट पडून राहिल्यामुळें पायांत रक्ताच्या गुठळ्या होणें, छातींत कफ सांचून न्यूमोनिया होणें, हे प्रकार कमी झाले. १९४७ सालीं लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर या वैद्यानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें अंथरुणाच्या धोक्यांवरच एक खुसखुशीत लेख लिहिला. ज्या अंथरुणाला लोक औषध समजत होते तेंच कित्येकदां रोगाचें कारण ठरतें, असा त्याचा आशय. आपल्या नागपूरचें मेडिकल कॉलेज त्याच सालचें, हें जातां जातां सांगून ठेवतों.

पण घरीं पाठविण्याची खरी गोष्ट याहून जुनी आहे आणि ती ग्लासगोची आहे. जेम्स निकोल हे तेथील मुलांच्या इस्पितळाशीं संबद्ध शल्यवैद्य. १९०९ सालीं त्यांनीं दहा वर्षांतील ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दुभंगलेला ओठ, अंतर्गळ, वांकडीं पावलें अशा या शस्त्रक्रिया. रोगी लहान मुलें, त्यांतलीं जवळजवळ निम्मीं तीन वर्षांच्या आंतलीं. आणि सर्वांना त्याच दिवशीं घरीं पाठविलेलें. तान्हें मूल परक्या वॉर्डापेक्षां आईच्या कुशींत लवकर बरें होतें, असें त्यांचें म्हणणें होतें. निकोल यांचें नांव आज घेतलें जातें तें या आंकड्यासाठीं. मला मात्र त्या वृत्तांतांतल्या दुसऱ्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. मुलें घरीं गेल्यावर परिचारिका त्यांच्या घरीं जाऊन जखम पाहात. आणि इस्पितळाजवळ एक लहानसें घर घेतलेलें होतें, जेथें अंगावर पिणाऱ्या मुलाला घेऊन आईला राहतां येई. म्हणजे मूल खाटेवरून हललें, पण नजरेबाहेर गेलें नाहीं.

आतां मानेकडे वळूं. मानेच्या बाबतींत खाटेची सत्ता सर्वांत कडक होती, आणि तिला सबळ कारणहि होतें. पोट शिवलेलें असतें. मोडलेली मान शिवतां येत नाहीं. १९३३ सालीं अमेरिकेंतील क्रचफील्ड यांनीं एक चिमटा प्रचारांत आणला. तो कवटीच्या हाडांत दोन्ही बाजूंनीं रुतवून त्याला दोरीनें वजन टांगीत, आणि रोगी आठवडेच्या आठवडे उताणा पडून राही. पुढें मणके तारेनें बांधण्याची पद्धत रूढ झाली, तरी तार ती तारच; ती सैल पडूं नये म्हणून बाहेरून कडक पट्टा किंवा कवटीला स्क्रूनें बसविलेलें लोखंडी कडें महिनोन् महिने वागवावें लागे. या प्रकरणांत महाराष्ट्राचा भाग मोठा आहे. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांतील डॉ. अतुल गोयल व त्यांचे सहकारी यांनीं कवटीखालच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या दोन्ही अंगांच्या जाड भागांत स्क्रू बसवून ते धातूच्या पट्ट्यांनीं जोडण्याची रीत काढली आणि १९९४ सालीं ती प्रसिद्ध केली. आज जगभरच्या शल्यवैद्यांना ती परिचित आहे. मानेच्या त्या सर्वांत नाजूक सांध्याला धरून ठेवण्याचें काम धातूनें आंतूनच पत्करलें.

येथें माझ्या मनांत थोडा उजेड पडला. खाट दोन कामें करीत होती. एक, माणसाला हलूं न देणें; आणि दुसरें, त्याला कोणाच्या तरी डोळ्यांसमोर ठेवणें. पहिलें काम पट्टी आणि स्क्रू यांनीं हिरावून घेतलें. दुसरें अद्याप कोणत्याहि धातूला जमलेलें नाहीं.

आणि मानेच्या शस्त्रक्रियेंत तें दुसरें काम फार मोलाचें आहे. माझ्या बंधूंवर झाली ती शस्त्रक्रिया गळ्याच्या पुढच्या बाजूनें करतात. १९५५ मध्यें बाल्टिमोरच्या रॉबिन्सन व स्मिथ यांनीं ती प्रथम मांडली. १९५८ मध्यें होनोलुलुच्या क्लाउअर्ड यांनीं आपली रीत प्रसिद्ध केली. श्वासनलिका व अन्ननलिका एका अंगास सारायच्या, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या अंगास ठेवायची, आणि त्या फटींतून मणक्यांपर्यंत पोहोंचून चकती काढायची. स्नायू फारसे कापावे लागत नाहींत, म्हणून दुखणें थोडें असतें आणि माणूस त्याच संध्याकाळीं उठून चहा पितो. परंतु क्वचित् एखादी बारीक रक्तवाहिनी शिवल्यानंतर आंत पाझरूं लागते. त्या बंद जागेंत रक्त सांचलें तर तें श्वासनलिका दाबतें, आणि माणूस कांहीं मिनिटांत गुदमरूं शकतो. असें फार थोड्यांना होतें, शेंकडा एकदोघांना किंवा त्याहूनहि कमी. पण झालें तर उपाय एकच: होता त्या जागीं टांके उघडून सांचलेलें रक्त बाहेर काढणें. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेंतहि हाच धोका असतो. त्यासाठीं इंग्लंडांतील शल्यवैद्यांच्या व भूलतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०२२ सालीं नियम घालून दिले, त्यांत हें काम वॉर्डांत खाटेपाशींच करण्याची रीत पायरीपायरीनें सांगितली आहे.

मग अमेरिकेंत त्याच दिवशीं घरीं कसें पाठवितात? त्याची एक बाजू वैद्यकाची आहे आणि एक हिशेबाची. १९८३ पासून तेथील सरकारनें वृद्धांच्या उपचाराचे पैसे दिवसांवर न देतां रोगावर ठरवून देण्यास आरंभ केला. तेव्हां इस्पितळांना रोगी लवकर घरीं जाण्यांत लाभ दिसूं लागला. १९९० नंतर मानेच्या अशा शस्त्रक्रिया एका दिवसांत उरकल्याचे वृत्तांत येऊं लागले. निवडक रोग्यांना कांहीं तास नजरेखालीं ठेवून घरीं पाठविलें तर त्यांचें इतरांहून वाईट होत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो खोटा म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र 'निवडक' या शब्दावर बोट ठेवणें मला मास्तर म्हणून भाग आहे. एकादोन मणक्यांचेंच काम, वय फार नाहीं, दमा नाहीं, रक्त पातळ करण्याचें औषध चालू नाहीं, घरीं जाणतें माणूस आणि जवळ इस्पितळ, अशा रोग्यांची ती निवड. स्कॉलरशिपच्या वर्गाचा निकाल सगळ्या शाळेचा म्हणून सांगितला तर कोणता इन्स्पेक्टर फसेल?

आपल्याकडे हिशेब उलटा आहे. आरोग्यविम्याच्या सर्वसाधारण करारांत निदान २४ तास इस्पितळांत दाखल असण्याची अट असते. मोतीबिंदूसारख्या ठराविक शस्त्रक्रिया तेवढ्या अपवाद. म्हणजे तिकडे पैसा रोग्याला लवकर उठवितो, इकडे पैसा त्याला एक रात्र निजवून ठेवतो. गळ्यांतल्या रक्ताला या दोहोंचा पत्ता नसतो. तें बहुधा पहिल्या कांहीं तासांत, फार तर पहिल्या दिवसांत धोका देतें, क्वचित् त्यानंतरहि. गळ्याच्या आंतली सूज तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक असते. तेव्हां एक रात्र इस्पितळांत काढली म्हणजे सारें टळलें, असेंहि नाहीं.

म्हणून मला वहिनींचा प्रश्न अधिकच खरा वाटूं लागला. धंतोलींत किंवा रामदासपेठेंत राहणाऱ्या माणसाला 'घरीं जा' म्हणणें निराळें आणि आरमोरीच्या, सिरोंच्याच्या किंवा बालाघाटच्या माणसाला म्हणणें निराळें. मेयो, मेडिकल, २०१८ पासून सुरू झालेलें एम्स, आणि खाजगी इस्पितळें, या सर्वांत गडचिरोली-चंद्रपूरपासून पार मध्यप्रदेशांतल्या छिंदवाड्यापर्यंतचे रोगी येतात. रात्रीं दोन वाजतां श्वास अडला तर तेथून येणारी गाडी वाटेंतच राहील. बरोबरचीं माणसें व्हरांड्यांत पथाऱ्या टाकून निजतात तीं उगीच नव्हे.

आमच्या शल्यवैद्यांशीं मी हें सारें बोललों. ते हंसले नाहींत. दोन रात्री वॉर्डांत आणि नंतर पांच दिवस इस्पितळापासून चालत जातां येईल अशा जागीं, असें आमचें ठरलें. मीं जवळच्या गल्लींत एक खोली भाड्यानें घेतली. डॉक्टरांनीं वहिनींना एका कागदावर खुणा लिहून दिल्या: गळा फुगणें, आवाज जाड होणें, थुंकी गिळतां न येणें, उताणें निजल्यावर धाप लागणें. यांतली एकहि दिसली तर विचारीत न बसतां निघून यावें, दिवस-रात्र पाहूं नये.

तिसऱ्या रात्रीं दीड वाजतां वहिनींनीं मला उठविलें. दादांचा आवाज घोगरा झाला होता. सहा मिनिटांत आम्ही इस्पितळाच्या दारांत होतों. तेथें त्यांना तासभर बसवून ठेवलें, गळा चांपून पाहिला, उताणें निजवून पाहिलें. सूज नेहमींचीच निघाली आणि पहाटेपूर्वीं आम्ही खोलीवर परतलों. आठव्या दिवशीं दादा व वहिनी आरमोरीच्या बसमध्यें बसले.

पुतण्यानें विम्याचे कागद भरले तेव्हां इस्पितळांतल्या दोन रात्रींचा खर्च मंजूर झाला. खोलीचें भाडें मिळालें नाहीं; ती खोली इस्पितळांत मोडत नव्हती.