तनुफ : बाटलीवरचं गाव

मंडळी, आमच्या हमरियातल्या घरात 'तनुफ'च्या पाण्याच्या बाटल्या नेहमीच असतात. पण तनुफ हे एका गावाचं नाव आहे, हे मला ओमानात आल्यावर चार वर्षांनी कळलं! मग गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सौ. आणि नऊ वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन, डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरून पहाटेच निघालो.

निझवाच्या पुढे बहलाच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी जुनं तनुफ आहे. मातीच्या भिंती उभ्या आहेत, पण घरांवर छपरं नाहीत. हे काही काळाच्या ओघात ओस पडलेलं गाव नव्हे. ते ब्रिटिश विमानांच्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं.

झालं असं, की १९२० च्या सीब करारानुसार किनारा सुलतानाकडे आणि आतल्या डोंगराळ मुलखाचा कारभार इमामाकडे, अशी वाटणी होती. ती तीस-पस्तीस वर्षं निभावली. १९५४ मध्ये गालिब बिन अली इमाम झाले आणि त्याच सुमारास तेल कंपनीची माणसं आतल्या मुलखात तेल शोधायला निघाली. आता जमिनीखालच्या तेलाचा करार करायचा कोणी? डिसेंबर १९५५ मध्ये सुलतान सईद बिन तैमूर यांच्या फौजेने निझवा घेतलं. १९५७ मध्ये गालिब यांचे भाऊ तालिब यांनी उठाव केला, तनुफचे शेख सुलेमान बिन हिम्यार त्यांना मिळाले आणि सुलतानाने ब्रिटिशांची मदत मागितली. निझवा हातचं गेल्यावर बंडवाले जबल अखदरवर चढून बसले. शेवटी जानेवारी १९५९ मध्ये ब्रिटिशांची एस.ए.एस. तुकडी रात्रीच्या अंधारात कडा चढून वर पोचली आणि लढाई संपली. तिघंही नेते निसटून सौदीत गेले.

"म्हणजे तानाजीसारखं!" चिरंजीव उड्या मारत म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "पण बाबा, यातले मोगल कोण?"

मला उत्तर देता येईना. गड-किल्ले बघताना आपण आधीच एका बाजूला उभे असतो. इथे दोन्हीकडे ओमानीच होते. ज्यांची घरं पडली, त्यांची मुलं-नातवंडं आज याच देशात नोकऱ्या करतात, कदाचित माझ्या शेजारच्या टेबलावरही बसत असतील.

परतताना बिरकत अल-मौझला थांबलो. तिथे शेख सुलेमान यांचा वाडा आहे, बैत अल-रुदैदा. पलीकडे खजुराच्या दाट बागा आणि त्यांना पाणी देणारा 'फलज', म्हणजे आपल्या पाटासारखा कालवा. इथला फलज अल-खतमैन २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पाणी प्रत्येकाला पाळीप्रमाणे मिळतं. बाग बघून मन निवतं खरं, पण ओमानात अशा बागांत एके काळी गुलामही राबत होते, हेही विसरू नये. गुलामगिरी १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आल्यानंतर बंद झाली.

ज्या तेलावरून ही लढाई पेटली, ते पुढे १९६२ मध्ये यिबालला सापडलं आणि १९६७ पासून निर्यात होऊ लागलं. त्यातून रस्ते, इस्पितळं, कचेऱ्या झाल्या आणि त्या कचेऱ्यांतले कॉम्प्युटर सांभाळायला माझ्यासारखे लोक आले. म्हणजे माझ्या पगाराची गोष्टही त्या पडक्या भिंतींपाशीच सुरू होते. पर्यटक म्हणून गेलो होतो, पण परतताना देणेकऱ्यासारखं वाटलं.

तेव्हा मंडळी, या थंडीत तनुफला जरूर जा. मात्र फोटोसाठी मुलांना भिंतींवर चढवू नका, माती ठिसूळ आहे. आणि डबा उघडण्याआधी, तिथे काय घडलं ते मुलांना सांगा. त्यांनी "मोगल कोण?" असं विचारलं, तर घाईने उत्तर देऊ नका.